चौकोनी सेंट्रल पार्क: एका नकाशाचं ५० वर्षांचं भांडण

आजच्या भागात एका नकाशाची गोष्ट सांगायची आहे. न्यूयॉर्कच्या सबवेचा नकाशा. १९७२ साली तो आला. डिझाइनवाल्यांनी तो डोक्यावर घेतला, प्रवाशांनी त्याला शिव्या घातल्या आणि १९७९ मध्ये तो भिंतीवरून उतरला. आता गंमत बघा. २०२५ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कने सबवेचा नवीन नकाशा जाहीर केला, तो जवळपास त्याच धाटणीचा! ज्याला एकदा हाकलून लावलं, त्याच्यासाठी ४६ वर्षांनी पायघड्या घातल्या. असं का झालं असेल?

जुनी फॅशन परत येते, हे सोपं उत्तर झालं. मला ते पुरेसं वाटत नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे युजेबिलिटी हा शब्द दिवसातून दहा वेळा कानावर पडतो. वस्तू वापरायला सोपी असावी, एवढाच त्याचा अर्थ. पण या शब्दाची खरी कडक परीक्षा मला स्टेशनवरच्या बोर्डात दिसते. ॲप समजलं नाही तर माणूस ते बंद करून दुसरं काहीतरी उघडतो. बोर्ड समजला नाही तर त्याची गाडी जाते. किंवा तो भलत्याच गाडीत चढतो.

ऐकता ऐकता नकाशांचे फोटो शोधून समोर ठेवलेत तर मजा येईल. पण ट्रेनमध्ये लटकत ऐकत असाल तरी हरकत नाही, मी जमेल तसं वर्णन करतो.

आधी लंडनला जाऊन येऊ

या धाटणीच्या नकाशांचं मूळ लंडनमध्ये आहे. १९३० च्या सुमाराला तिथल्या भुयारी रेल्वेचा नकाशा खऱ्या भूगोलावर बेतलेला असायचा. अडचण अशी की शहराच्या मध्यभागी स्थानकं एकमेकांना खेटून होती आणि उपनगरांत लांब लांब. खऱ्या प्रमाणात काढायला गेलं की मध्यभागी नावं लिहायला जागा नाही आणि बाहेर नुसता मोकळा कागद.

हॅरी बेक नावाचा एक ड्राफ्ट्समन रेल्वेच्या सिग्नल विभागात काम करायचा. त्याने १९३१ मध्ये फावल्या वेळात एक आराखडा काढला. रेषा फक्त आडव्या, उभ्या किंवा ४५ अंशांत तिरप्या. स्थानकांमधलं अंतर साधारण सारखं. जमिनीवरच्या सगळ्या खुणा पुसून टाकल्या, एक थेम्स नदी तेवढी ठेवली, तीसुद्धा सरळ रेषांत दुमडून. आधी प्रसिद्धी विभागाने हा नकाशा नाकारला. लोकांना हे भलतंच काहीतरी वाटेल, अशी भीती होती. बेकने पुन्हा प्रयत्न केला. १९३२ मध्ये थोड्या प्रती छापून बघितल्या आणि जानेवारी १९३३ मध्ये खिशात मावेल असा नकाशा लोकांच्या हातात दिला. लोकांना तो इतका आवडला की लगेचच पुन्हा छापावा लागला.

बेकचा हिशेब साधा होता. भुयारात बसलेल्या माणसाला बाहेरचं काही दिसत नाही. डोक्यावरून कुठला रस्ता जातोय, याने त्याला काय फरक पडतो? कुठे चढायचं, कुठे गाडी बदलायची, कुठे उतरायचं, एवढंच त्याला हवं. बाकी सगळं काढलं तर हे तीन मुद्दे ठळक दिसतात.

मग नदी तरी का ठेवली? याचं उत्तर लंडनला २००९ मध्ये मिळालं. नकाशात फार गर्दी झाली म्हणून त्या वर्षी थेम्स काढून टाकली. त्यावर इतका आरडाओरडा झाला की काही महिन्यांतच नदी परत आणावी लागली. गाडी बदलायला नदीचा उपयोग शून्य. पण लंडनकर आपल्या शहराचा विचारच नदीच्या या काठाला आणि त्या काठाला असा करतात. आपण नाही का, पूर्व-पश्चिम म्हणजे होकायंत्र न बघता रुळांच्या कुठल्या बाजूला ते विचारतो? ती निळी पट्टी गेली आणि नकाशा डोक्यातल्या शहराशी जुळेना. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तीन यंत्रणा आणि एक गोंधळ

आता न्यूयॉर्क. तिथली सबवे १९०४ मध्ये सुरू झाली. पुढे तिच्या तीन वेगवेगळ्या यंत्रणा झाल्या, दोन खाजगी कंपन्यांच्या आणि एक शहराची स्वतःची. १९४० मध्ये शहराने सगळं आपल्या ताब्यात घेतलं. कागदावर यंत्रणा एक झाली, पण स्थानकांत पाट्या मात्र तिन्ही पद्धतींच्या तशाच राहिल्या. कुठे भिंतीतल्या मोझेकमध्ये नाव, कुठे एनॅमलची पाटी, कुठे हाताने रंगवलेली सूचना. १९५८ मध्ये आलेल्या अधिकृत नकाशातसुद्धा तीन रंग होते, तीन जुन्या यंत्रणांचे. आता सांगा, प्रवाशाला रूळ मुळात कोणी टाकले याच्याशी काय घेणं? त्याला घरी जायचंय! १९६७ मध्ये एक नवा जोडमार्ग सुरू झाला आणि एका जुन्या यंत्रणेच्या गाड्या दुसरीच्या रुळांवरून धावायला लागल्या. मग तर त्या रंगांना काही अर्थच उरला नाही.

आणखी एक गोष्ट आहे, जी लंडनकरापेक्षा मुंबईकराला पटकन कळेल. न्यूयॉर्कमध्ये बऱ्याच मार्गांवर चार रूळमार्ग आहेत. दोन एक्स्प्रेस गाड्यांना, दोन लोकल गाड्यांना. म्हणजे आपलं फास्ट आणि स्लो. त्यामुळे 'दादा, ही मुलुंडला थांबते का?' हा जो प्रश्न आपल्याकडे प्रत्येक फास्ट गाडीच्या दारात विचारला जातो, तो तिकडेही आहेच. कुठल्या दिशेला जाते हे कळून भागत नाही, थांबणार की नाही हेही कळावं लागतं.

हा सगळा पसारा आवरायला १९६६ मध्ये युनिमार्क नावाच्या डिझाइन कंपनीला बोलावलं गेलं. त्यातली दोन नावं महत्त्वाची. एक इटलीचा मासिमो विन्येली. दुसरा बॉब नूर्डा, जन्माने डच, पण काम मिलानमध्ये. मिलानची मेट्रो १९६४ मध्ये सुरू झाली, तिच्या पाट्या नूर्डाने केल्या होत्या. तिथे त्याने एक फार साधी युक्ती वापरली होती. फलाटाच्या भिंतीवर एक लांबच लांब पट्टा आणि त्यावर स्थानकाचं नाव थोड्या थोड्या अंतरावर पुन्हा पुन्हा लिहिलेलं. गाडीच्या कुठल्याही खिडकीतून बघा, नाव दिसणारच. मान वाकडी करून, शेजाऱ्याच्या खांद्यावरून 'कुठलं स्टेशन आलं?' असं बघायची गरज नाही.

न्यूयॉर्कला आल्यावर नूर्डाने आधी मोजक्या स्थानकांत जाऊन माणसं कशी चालतात ते बघितलं. कुठून आत येतात, कुठे अडखळतात, कुठे वळतात. त्यातून एक नियम निघाला आणि तो पुढे १९७० च्या नियमावलीत आला. माणसाला जिथे निर्णय घ्यायचा आहे, तिथेच माहिती द्यायची. त्याच्या आधी देऊ नका, त्याच्यानंतरही देऊ नका. जिन्याच्या तोंडाशी 'वरच्या दिशेची गाडी डावीकडे' एवढंच पुरतं. तिथे सगळ्या शहराची माहिती ओतली तर माणूस थांबून वाचत बसतो आणि मागचे लोक त्याच्यावर आदळतात. मोबाइल ॲप बनवताना आज आम्ही जे घोकतो, ते या माणसाने जिन्याशेजारी उभं राहून शोधून काढलं होतं.

जाता जाता एक किस्सा. पाटी वरून धरून ठेवायला एक काळी धातूची खोबण असेल, असं ड्रॉइंगमध्ये दाखवलं होतं. पाट्या बनवणाऱ्या कारखान्याने ते वाचलं 'वर एक काळी पट्टी' असं. खोबण गेली कुठेतरी आणि पाटीच्या वरच्या कडेला काळी पट्टी रंगवली गेली. पुढे तीच पट्टी न्यूयॉर्कच्या पाट्यांची ओळख बनली! डिझाइन करणारा एक सांगतो आणि बनवणारा दुसरंच समजतो, हे फक्त आमच्या धंद्यात होतं असं समजू नका.

१९७२: बिंदू आहे तर थांबा आहे

ऑगस्ट १९७२ मध्ये विन्येलीचा नकाशा आला. त्याच्यासोबत युनिमार्कमधल्या जोन चॅरिसिन यांनी त्यावर काम केलं होतं. रेषांचा नियम बेकचाच, आडवी, उभी आणि ४५ अंशांत तिरपी. पण विन्येलीने एक पाऊल पुढे टाकलं. प्रत्येक गाडीच्या मार्गाला स्वतःची रंगीत रेषा. एकाच बोगद्यातून तीन मार्ग जात असतील तर शेजारी शेजारी तीन रेषा. आणि गाडी जिथे थांबते तिथे त्या रेषेवर काळा बिंदू. बिंदू नसेल तर गाडी थांबत नाही. तळटीप नाही, कंसातली सूचना नाही, 'फक्त गर्दीच्या वेळी वगळता' असली भानगड कमीत कमी. बोट ठेवा, रेषेवरून सरकवा, बिंदू मोजा.

फास्ट-स्लोच्या प्रश्नाला इतकं स्वच्छ उत्तर याआधी क्वचितच कुणी दिलं असेल. मध्य रेल्वेच्या फास्ट गाड्यांचा असा नकाशा मनात काढून बघा. ठाण्याची एक रेषा, कल्याणची एक रेषा, मुलुंडला एकीवर बिंदू, दुसरीवर नाही. दारात लटकून विचारायची गरज संपली.

मग लोक चिडले कशावर?

पहिली गोष्ट सेंट्रल पार्क. खरं पार्क साधारण ४ किलोमीटर लांब आणि ०.८ किलोमीटर रुंद आहे, म्हणजे लांबी रुंदीच्या पाचपट. नकाशात ते जवळपास चौकोनी झालं. त्यात हिरवंही नाही, करडं! नद्या आणि समुद्र निळ्याऐवजी मातकट पिवळट. दुसरी गोष्ट जास्त गंभीर. ५० व्या रस्त्यावर दोन स्थानकं आहेत, एक ब्रॉडवेवर आणि एक आठव्या अव्हेन्यूवर. ब्रॉडवेवरचं स्थानक प्रत्यक्षात पूर्वेला आहे, नकाशात ते पश्चिमेला दाखवलं गेलं होतं. म्हणजे नकाशावर विसंबून वर आलात तर पाय उलट्या दिशेला पडणार.

लंडनमध्ये हे खपून गेलं, इथे का नाही खपलं? कारण लंडनचे रस्ते जुने, वेडेवाकडे. कुठलं स्थानक कुठल्या दिशेला आहे, हे तिथल्या लोकांनाही नीट सांगता येत नाही. मॅनहॅटनचं बहुतांश शहर पाटीवर रेघा मारल्यासारखं आहे. रस्त्यांना आणि अव्हेन्यूंना क्रमांक आहेत. न्यूयॉर्ककराच्या डोक्यात शहराचा पक्का आलेख बसलेला असतो आणि तो दोन-चार चौक सहज चालतो. कुठल्या स्थानकावर उतरलो तर कमी चालावं लागेल, हा त्याचा रोजचा हिशेब. तो ज्या नकाशाकडे बघत होता, त्या नकाशाने त्याच्या डोक्यातल्या नकाशाशी भांडण काढलं. लंडनच्या नदीचं मी जे म्हणालो ना, तेच इथे दसपटीने झालं.

डोनाल्ड नॉर्मन या अभ्यासकाने १९८८ च्या आपल्या पुस्तकात याबद्दल नीट लिहिलं: मेंटल मॉडेल. वस्तू कशी चालते याबद्दल वापरणाऱ्याच्या मनात आधीच एक चित्र असतं. बनवणाऱ्याच्या मनात दुसरं असतं. दोन्ही जुळली नाहीत की वापरणारा ठेचकाळतो. आणि बहुतेक वेळा स्वतःलाच दोष देतो, ही यातली वाईट गोष्ट.

बंद डोळ्यांनी काढलेली वळणं

१९७० च्या दशकात न्यूयॉर्कची सबवे ही काही रमतगमत फिरायची जागा नव्हती. गुन्हे, रंगवून विद्रूप केलेले डबे, बिघाड. अशा वेळी चुकीच्या स्थानकावर उतरणं म्हणजे नुसती दहा मिनिटं वाया जाणं नव्हे, रात्री अनोळखी भागात एकटं अडकणं. आर्लीन ब्रॉन्झाफ्ट या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. सबवेची फारशी माहिती नसलेल्या लोकांना नकाशा देऊन प्रत्यक्ष प्रवास करायला लावला होता. अनेकांना सोयीचा मार्ग सापडलाच नाही. आज याला आम्ही युजेबिलिटी टेस्टिंग म्हणतो. तज्ज्ञांना नकाशा सुंदर वाटतो की नाही, हे विचारायचंच नाही. नवख्या माणसाला काम द्यायचं, आपण गप्प बसायचं आणि तो कुठे अडतो ते लिहून ठेवायचं.

नवा नकाशा करायला समिती बसली. अध्यक्ष होते जॉन टॉरनॅक, ब्रॉन्झाफ्टही त्यात होत्या. २० एप्रिल १९७८ रोजी कूपर युनियनच्या ग्रेट हॉलमध्ये टॉरनॅक आणि विन्येली समोरासमोर आले. हा तोच हॉल, जिथे १८६० मध्ये अब्राहम लिंकनने गाजलेलं भाषण दिलं होतं. तिथे आता रेल्वेच्या नकाशावर जाहीर वाद! मला हे फार आवडतं. रोज लाखो लोक ज्या कागदाकडे बघतात त्यावर शहराने भांडावं, हे चांगलं लक्षण आहे.

१९७९ मध्ये मायकल हर्ट्झ यांच्या कंपनीने केलेला नवा नकाशा आला. पाणी निळं, बागा हिरव्या, रस्त्यांची नावं हजर, पार्क पुन्हा लांबट. रेषांना खरी वळणं. ती वळणं नोबुयुकी सिराईशी या कलाकाराने काढली. त्यासाठी तो गाडीत डोळे मिटून बसायचा, वळण शरीराला जाणवलं की वहीत उतरवायचा, असं सांगतात. विन्येलीने शहर पट्टीने आखलं होतं, याने ते अंगावर घेतलं.

पण या नकाशाने एक किंमत मोजली. वेगवेगळ्या रेषा जाऊन एका मुख्य मार्गाची एकच जाड रेषा आली. ए, सी आणि ई या तीन गाड्या एका निळ्या रेषेत. हे रंग आजही तसेच आहेत. मग थांबा कळणार कसा? प्रत्येक स्थानकाच्या नावाखाली बारीक अक्षरांत लिहिलेल्या गाड्या वाचायच्या. आधी बोट सरकवून जे कळत होतं, ते आता वाचून आणि लक्षात ठेवून कळायला लागलं. भूगोल मिळाला, थांब्यांचं ते स्वच्छ उत्तर गेलं.

मग बरोबर कोण होतं?

इथे एक माहिती आहे, जी या भांडणात बहुतेक वेळा निसटते. विन्येलीचा हा नकाशा एकट्याने भिंतीवर लागणं मूळ योजनेतच नव्हतं. सोबत खऱ्या भूगोलाचा वेगळा नकाशा, स्थानकाच्या आसपासच्या परिसराचा नकाशा आणि 'इथून तिथे जायचं तर ही गाडी घ्या' असं शब्दांत सांगणारा तक्ता, असा संच अपेक्षित होता. तो संच पूर्णपणे कधी उभाच राहिला नाही. गाडी कुठे थांबते, या एका प्रश्नासाठी केलेला कागद एकटाच लोकांसमोर गेला आणि लोकांनी त्याला सगळेच प्रश्न विचारले. बाहेर पडल्यावर कुठे वळू? बाग किती लांब? समुद्र कुठे? त्याच्याकडे उत्तरं नव्हती, आणि अर्धवट दाखवलेल्या चौकोनी पार्कामुळे जी उत्तरं मिळायची ती चुकीची.

म्हणजे ब्रॉन्झाफ्ट आणि टॉरनॅक चूक होते असं मी म्हणत नाही. १९७९ च्या प्रवाशाच्या हातात दुसरं काहीच नव्हतं. एकच कागद मिळणार असेल तर त्यात भूगोल हवाच. त्या दिवशी, त्या प्रवाशासाठी त्यांचा निर्णय मला योग्यच वाटतो.

आता पुढे सरका. सप्टेंबर २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या वाहतूक संस्थेने 'द वीकेंडर' नावाचं एक पान वेबवर आणलं. शनिवार-रविवारी रुळांची कामं निघतात, गाड्या वळवल्या जातात. ते दाखवायला त्यांनी कुणाला बोलावलं? त्याच विन्येलीला. त्याच्या त्याच पद्धतीचा नकाशा, फक्त डिजिटल. यामागे रसिकतेबरोबर एक तांत्रिक कारणही दिसतं. एका जाड निळ्या रेषेत ए, सी, ई तिन्ही कोंबल्या असतील आणि आज फक्त सी बंद असेल, तर काय पुसणार? प्रत्येक मार्गाची वेगळी रेषा असेल तर तेवढीच रेषा बंद करता येते. १९७२ मध्ये विन्येलीने नकळत असा नकाशा काढला होता, जो डेटाबेसला जोडता येईल. विन्येली २०१४ मध्ये गेला, पण हा बदल बघून गेला.

२०२० च्या ऑक्टोबरात त्यांचा लाइव्ह मॅप आला. लांबून बघा, विन्येलीसारख्या सरळ रेषा दिसतात. झूम करत आत गेलात की हळूहळू खरे रस्ते आणि खरी वळणं उगवतात. १९७८ मध्ये ग्रेट हॉलमध्ये ज्यावर वाद झाला, ते दोन्ही पक्ष एका स्क्रीनवर दोन बोटांच्या अंतरावर! आणि २०२५ मध्ये भिंतीवरचा कागदी नकाशाही सरळ रेषांचा झाला. पांढरी पार्श्वभूमी, ठळक रंग, काळे बिंदू.

मला सापडलेलं कारण असं. प्रवाशाच्या खिशात आता भूगोल आहे. वर आल्यावर डावीकडे वळू की उजवीकडे, हे तो फोनला विचारतो. विन्येलीच्या संचातले जे बाकीचे नकाशे कधी पूर्ण झाले नाहीत, ते फोनने पूर्ण केले. म्हणून भिंतीवरच्या नकाशाला आता आपलं एकच काम चोख करता येतं. नकाशा चांगला की वाईट हे नुसतं नकाशाकडे बघून ठरत नाही. तो बघणाऱ्याच्या हातात त्या क्षणी आणखी काय आहे, हेही बघावं लागतं.

आपल्या फलाटावर

आता हाच चष्मा लावून मुंबईच्या लोकलचा इंडिकेटर बघू. गाडी कुठली, फास्ट की स्लो, डबे १२ की १५, वेळ काय. चार गोष्टी. नूर्डा खूश झाला असता, कारण फलाटावर उभ्या माणसाला नेमकं हेच ठरवायचं असतं. डब्यांची संख्यासुद्धा तिथेच, कारण तिच्यावरून कुठे उभं राहायचं ते ठरतं.

पण काही ठिकाणी जुन्या न्यूयॉर्कचा वास येतो. मध्य रेल्वेच्या इंग्रजी खुणांमध्ये कर्जतला एस आणि कसाऱ्याला एन. कल्याणला दोन फाटे होतात, कसारा उत्तरेच्या बाजूला, कर्जत दक्षिणेच्या बाजूला, हे ज्याला माहीत आहे त्याला अक्षरं ओळखीची वाटतील. पण स्लो गाडीलाही एसच! रोजच्या माणसाला हे पाठ असतं, त्यामुळे तो कधी तक्रार करत नाही. अडतो तो गावाहून आलेला, मुलाखतीला निघालेला, पहिल्यांदा एकटी प्रवास करणारी मुलगी. याकोब नील्सन याने १९९४ मध्ये जी १० सूत्रं मांडली, त्यातली दोन इथे थेट लागू पडतात. यंत्रणेने वापरणाऱ्याच्या भाषेत बोलावं. आणि माणसाला आठवायला लावू नये, ओळखायला द्यावं.

भाषेचंही बघा. मराठी, हिंदी, इंग्रजी आलटून पालटून येतात. तिन्ही हव्यातच. पण जिन्यावरून धावत येणाऱ्याने मान वर केली त्या क्षणी त्याला न वाचता येणारी भाषा लागली असेल, तर ती दोन-चार सेकंद त्याच्यासाठी बोर्ड कोरा असतो. गाडी दारं उघडून उभी असते तेव्हा दोन-चार सेकंद फार असतात.

हे सगळं किरकोळ वाटत असेल तर १५ फेब्रुवारी २०२५ ची रात्र आठवा. नवी दिल्ली स्टेशनवर महाकुंभाच्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन १८ माणसं गेली. प्रयागराज नावाच्या दोन गाड्यांच्या घोषणेवरून गोंधळ उडाला, असं दिल्ली पोलिसांनी तेव्हा सांगितलं. नंतर संसदेत रेल्वेमंत्र्यांनी दिलेल्या उत्तरात, एका प्रवाशाच्या डोक्यावरचं मोठं ओझं जिन्यावर पडल्याने लोक अडखळले, असं कारण आलं. त्यात मी न्यायाधीश होणार नाही. पण गच्च भरलेल्या पुलावर दोन गाड्यांची नावं सारखी असणं किती धोक्याचं आहे, हे कळायला चौकशी अहवालाची वाट बघायची गरज नाही. सबवेच्या नकाशात ए आणि सी वेगळ्या रेषांत दाखवायचा हट्ट विन्येलीने का धरला होता, हे अशा वेळी नीट समजतं.

आणि आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते ती. मी मघाशी म्हणालो, भूगोल फोनमध्ये गेला म्हणून भिंत मोकळी झाली. हे वाक्य माझ्यासारख्या माणसाला फार सोयीचं आहे, कारण मी फोनवरच्याच गोष्टी बनवतो. पण ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही त्याचं काय? ज्या आजींना तो नीट चालवता येत नाही त्यांचं? बॅटरी २ टक्क्यांवर आली, नेटवर्क गेलं, पावसात स्क्रीन बोट ओळखेना, तेव्हा तुमचं-आमचंही काय? विन्येलीचा संच अपुरा राहिला तेव्हा भोगलं प्रवाशांनी. आज 'ते ॲपमध्ये आहे की' असं म्हणून बोर्डावरून एखादी ओळ काढली जाते, तेव्हाही भोगणार आहेत प्रवासीच. फक्त यावेळी ते कमी दिसतील, कारण ज्यांच्याकडे फोन नाही त्यांची तक्रारही फोनवरून येत नाही.

त्यामुळे आपल्या शहरांत मेट्रोची नवी स्थानकं उघडतायत, नवे स्क्रीन लागतायत, तेव्हा तीन गोष्टी तपासून बघा. इथे उभ्या माणसाला नेमकं काय ठरवायचंय? त्याचं उत्तर एका नजरेत मिळतं का? आणि फोन खिशातच ठेवला तरी मिळतं का? शक्य असेल तर शहरात नव्याने आलेल्या एखाद्या पाहुण्याला सोबत न्या, त्याला एखादं स्टेशन सांगा आणि तुम्ही गप्प राहा. तो जिथे थांबून इकडेतिकडे बघेल, ती जागा लिहून ठेवा.

ती जागा आम्हालाही कळवा. बोर्डाचा फोटो असेल तर उत्तम, नसेल तर दोन ओळी लिहा. पुरेशा जमल्या तर त्यांच्यावर एक वेगळा भाग करू, आणि त्या यादीतल्या निदान दोन-तीन तरी ज्यांच्या हातात पाटी बदलणं आहे त्यांच्यापर्यंत पोचवायचा प्रयत्न करू.

आजच्यापुरतं एवढंच. भेटू पुढच्या भागात. आणि हो, चढण्याआधी ती थांबते का ते विचारून घ्या!